गच्चीवरचं पाणी: तुंबतं कुठे, का, आणि वाट कशी काढून द्यायची

नाशिकचा पूर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गच्चीचा पूर मोजायला पाच रुपयांचं एक नाणं पुरतं. पाऊस थांबून ४८ तास झाले, मध्ये ऊनही पडलं, आणि तरी गच्चीवरच्या डबक्यात नाणं बुडतंय, तर तिथे ढाळ (पाणी वाहण्यासाठीचा उतार) चुकलाय किंवा पाईपचं तोंड वर राहिलंय. अशा गच्चीवर कितीही महागडं वॉटरप्रूफिंग मारलं तरी ते दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटून निघतं. कारण ते लेप पाणी वाहून जाईल असं गृहीत धरून केलेले असतात, महिनाभर पाण्यात बसण्यासाठी नाही.

म्हणून कामाचा क्रम असा: आधी पाणी पळतं करायचं, मग लेपाचं बघायचं. लोक नेमकं उलटं करतात. मे महिन्यात पांढरा रंग मारतात, जुलैत छताला पुन्हा पिवळी वर्तुळं येतात, आणि दोष रंगाच्या डब्याला देतात.

किती पाणी, किती पाईप

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरला, तर तेवढ्या गच्चीवर हंगामात ६५,००० लिटर पाणी पडतं. पण पाईपचा हिशोब वर्षाच्या पावसावर करायचा नसतो, तासाच्या सरीवर करायचा असतो. वर्षाचा आकडा बेताचा म्हणून नाशिकच्या बांधकामांत पाईप कमी टाकले जातात, आणि वळवाची किंवा परतीच्या पावसाची एकच सर अर्ध्या तासात सगळं उघडं पाडते. ताशी १०० मिमी वेगाची सर आली, तर त्या गच्चीवरून तासाला ९,३०० लिटर, म्हणजे सेकंदाला अडीच लिटरहून जास्त पाणी खाली जायला हवं.

भारतीय बांधकाम संहितेतल्या तक्त्यानुसार, ताशी १०० मिमी पावसाला ७५ मिमीचा एक उभा पाईप सुमारे २० चौरस मीटर (२२० चौरस फूट) छताचं पाणी नेतो. १०० मिमीचा पाईप नेतो सुमारे ४२ चौरस मीटर (४६० चौरस फूट). बाजारात मिळणारा ११० चा पीव्हीसी पाईप याच दुसऱ्या रांगेत धरा. म्हणजे ७५ चे दोन पाईप मिळून ११० च्या एकाचं काम करतात. १,००० चौरस फुटांना ११० चे दोन पाईप थोडे कमीच पडतात, तीन असले तर झोप लागते. त्र्यंबक, इगतपुरी, घोटीकडे घर असेल तर ताशी १५० मिमी धरा. तिथे ११० च्या एका पाईपच्या वाट्याला ३०० चौरस फुटांहून जास्त छत देऊ नका.

गच्ची छोटी असली तरी पाईप एकच ठेवू नका. तो एक पाईप तुंबला की गच्चीचा हौद होतो. इंचभर साचलेलं पाणी १०० चौरस फुटांवर २३० किलो भरतं. आणि पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, तीन फुटांचा असला तर पाणी इंचावरच थांबेल याची खात्री कोण देणार?

त्यासाठी पॅरापेटमध्ये एक जादा भोक ठेवा. ७५ किंवा ११० चा पाईपचा तुकडा, त्याचा तळ गच्चीच्या पृष्ठभागापासून ५० मिमी वर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरता आणि भिंतीपासून किमान ६ इंच बाहेर आलेला. त्याला जाळी लावायची नाही आणि खाली कुठल्याही पाईपला जोडायचा नाही. पाणी धो-धो बाहेर पडताना लोकांना दिसलं पाहिजे. त्यातून पाणी आलं, की खालचा कुठलातरी पाईप बंद पडलाय हे सगळ्या बिल्डिंगला एकदम कळतं.

आधी बघणी: खडू, बादली, दोरी

पावसाआधी बघायचं असेल तर बादल्या ओता. गच्चीच्या पाईपपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात २० लिटरच्या तीन-चार बादल्या एकापाठोपाठ ओता आणि पाणी कुठून जातं, कुठे रेंगाळतं ते पाहा. पावसात बघायचं असेल तर सर थांबल्यावर अर्ध्या तासाने वर जा आणि प्रत्येक डबक्याची कड खडूने किंवा विटेच्या तुकड्याने आखून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आखा. दोन रेघांमधलं अंतर बघितलं की कोणतं डबकं आटतंय आणि कोणतं ठाण मांडून बसलंय ते कळतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गवंडी येईल तो कोरड्या गच्चीवर, आणि कोरडी गच्ची सगळीकडे सारखीच दिसते.

ढाळ मोजायला लेझर लागत नाही. १२-१५ मीटर पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, त्यात पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. त्याने पॅरापेटवर चारही बाजूंनी एकाच पातळीची खूण करा. समोरासमोरच्या खुणांवर सुताची दोरी ताणा आणि दोरीपासून खाली गच्चीपर्यंतचं अंतर दर पाच फुटांवर टेपने मोजून खडूने तिथेच लिहा.

समजा लांबची कड ते पाईप असं २० फूट अंतर आहे. ढाळ १ : १०० हवा, म्हणजे फुटाला ३ मिमी. कडेला दोरीखाली ३०० मिमी भरले, तर ५ फुटांवर ३१५, १० वर ३३०, १५ वर ३४५ आणि पाईपपाशी ३६० यायला हवेत. १० फुटांवर ३३० ऐवजी ३४० आले तरी चालतं, तिथून पाणी हळू पण पुढे सरकतं. पण १५ फुटांवर ३६५ आले, तर ती जागा पाईपच्या तोंडाहूनही ५ मिमी खाली आहे. ते पाणी पाईपमधून कधीच जाणार नाही, फक्त आटेल किंवा झिरपेल. खराटा घेऊन रोज पाणी लोटणं हा त्यावरचा उपाय नव्हे, पण बहुतेक सोसायट्यांत वॉचमन तेच करत असतो.

एक तपासणी बऱ्याचदा राहून जाते. छताची ओल एप्रिल-मेमध्येही तशीच असेल तर ती पावसाची नाही. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो, सोलर हीटरची ठिबकणारी जोडणी, टाकीखालचा सडलेला निपल (पाईप जोडायचा छोटा तुकडा), यांपैकी काहीतरी कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, बारा महिने भिजत ठेवतंय. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाईप गच्चीवर मोकळा सोडू नका, थेट पावसाळी पाईपच्या तोंडावर आणा.

पाईपचं तोंड: दहापैकी सात दुखणी इथेच

सातचा आकडा मोजून काढलेला नाही, पण कामं करणाऱ्या कोणालाही विचारा, तो फार दूरचं सांगणार नाही.

पहिलं म्हणजे कचरा. नाशिकच्या गच्चीचा कचरा ऋतूप्रमाणे बदलतो. जानेवारीत संक्रांतीचे पतंग आणि मांजा. नायलॉनचा मांजा कुजत नाही, तो जाळीभोवती गुंडाळून बसतो. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंबाची पानगळ त्यात अडकते. मेमध्ये वाळवणाच्या प्लास्टिकचे तुकडे आणि त्यावर ठेवलेले दगड तिथेच विसरले जातात, मग गुलमोहराच्या पाकळ्या येतात. त्यावर पारव्यांची पिसं आणि विष्ठा. जूनच्या पहिल्या सरीला हे सगळं मिळून जाळीवर वाकळीसारखा थर धरतं. म्हणून नुसतं झाडून भागत नाही. जाळी उचलून खालचा मांजा कात्रीने कापून काढावा लागतो. ओढला तर तो पाईपच्या आत आणखी कचरा घेऊन उतरतो.

सपाट जाळी काढून टाका. तिच्यावर एक पिंपळाचं पान बसलं तरी अर्धं तोंड झाकतं. घुमटाच्या आकाराची, निदान चार इंच उंचीची जाळी बसवा. पानं तिच्या पायाशी साचतात आणि पाणी वरच्या फटींतून जातं. मांजा आणि पारवे यांना कंटाळून जाळीच काढून टाकणारे आहेत. त्यांचा कचरा मग तिसऱ्या मजल्याच्या बेंडमध्ये सापडतो.

दुसरं दुखणं उंचीचं. मूळ कोबा बरोबर असतो, मग कधीतरी वर चायना मोझॅक किंवा टाईल बसते, गच्ची २५-४० मिमीने वर येते, आणि पाईपचं तोंड खड्ड्यात जाण्याऐवजी टाईलवाला त्याला तेवढीच उंची देऊन टाकतो. वरून छान दिसतं. प्रत्यक्षात तोंडाभोवती दहा-पंधरा मिमीची कड तयार होते आणि गच्चीभर पाण्याचा पातळ थर कायम राहतो.

तिसरं सगळ्यात वाईट, आणि वरून दिसत नाही. पाईप स्लॅबमधून किंवा पॅरापेटमधून जातो तिथे पाईपभोवतीची फट नुसत्या सिमेंटने भरलेली असते. पीव्हीसीला सिमेंट चिकटत नाही. उन्हाळ्यात पाईप फुगतो, रात्री आकसतो, आणि केसाएवढी फट पडते. पाईप मोकळा असला तरी पाणी त्याच्या बाहेरून खाली उतरतं. पाईपलगतच्या कोपऱ्यात ओल दिसली की आधी हीच शंका घ्या.

हे तोंड नव्याने बसवायचं काम असं करा. एका तोंडाला लागणारं साहित्य: ११० चा कॉलर असलेला तुकडा, न आकसणारं ग्राउट (फट भरायचा सिमेंटचा तयार माल) ५ किलो, सिमेंटची पकड वाढवणारं लेटेक्स (एसबीआर किंवा अॅक्रिलिक) १ लिटर, सिमेंट आणि चाळलेली वाळू, १ चौरस मीटर फायबरची जाळी, दोन भागांत येणारं सिमेंट-अॅक्रिलिक कोटिंग ३ किलो, पाईपचं सोल्युशन, घुमटी जाळी.

तोंडाभोवती ४५० × ४५० मिमीचा चौकोन कटरने आखून कापा. आतला भाग छिन्नी-हातोड्याने काढा, स्लॅब लागेपर्यंत. मोठं ब्रेकर मशीन इथे लावू देऊ नका. त्याच्या हादऱ्याने आजूबाजूचा चांगला कोबाही स्लॅबपासून सुटतो. सगळी माती-धूळ तारेच्या ब्रशने काढून धुवा.

नवा तुकडा बसवण्याआधी त्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे तो स्लॅबमध्ये राहणार तेवढ्या भागाला, पाईपचं सोल्युशन चोपडा आणि ओलं असतानाच त्यावर कोरडी जाड वाळू दाबून चिकटवा. अर्ध्या तासात तो भाग सॅन्डपेपरसारखा खरखरीत होतो आणि त्याला ग्राउट धरतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण समोर उभं राहून करून घेतलं नाही तर होत नाही. मग तुकडा बसवा, खालून फळी लावा आणि स्लॅब-पाईपमधली फट ग्राउटने पूर्ण भरा.

दुसऱ्या दिवशी १ सिमेंट : ३ वाळूच्या मालात लेटेक्स घालून चौकोन भरा. चारही कडांकडून तोंडाकडे ४० मिमी उतार ठेवा, म्हणजे तोंड परातीच्या तळाशी येईल. आधी स्लॅबवर सिमेंट-लेटेक्सची पातळ घोट मारा आणि ती ओली असतानाच माल टाका. तीन दिवस ओलं गोणपाट. माल वाळल्यावर कोटिंगचा पहिला हात, त्यावर लगेच फायबरची जाळी, चार-सहा तासांनी आडवा दुसरा हात. कोटिंग चौकोनाच्या बाहेर निदान १०० मिमी आणि पाईपच्या आत ५० मिमी उतरलं पाहिजे. पाईपच्या आत उतरवलं नाही, तर सगळ्या कामाचं शिवण नेमकं पाण्याच्या वाटेवर येतं.

ढाळ दुरुस्त करताना

डबकं तोंडापासून दूर असेल तर सोपा वाटणारा उपाय म्हणजे सगळ्या गच्चीवर दुसरा कोबा. तो करू नका. विटांच्या तुकड्यांचा १०० मिमी जाड कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या घरात वजन टाकतो. जुन्या कोब्यावर नवा म्हणजे स्लॅबवर ते वजन दुप्पट. सिडको किंवा सातपूरकडच्या जुन्या घरांवर आधीच एक मजला वाढवलेला असतो, तिथे तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पोतंभर मालही वर चढवू नये.

आधी कोबा ठोकून बघा. लोखंडी सळई किंवा हातोडीने दर फूटभर अंतरावर टकटक करा. भरीव आवाज आला तर कोबा धरून आहे. पोकळ आवाज आला तर तो सुटलाय आणि त्याच्याखाली पाणी फिरतंय. पोकळ भाग थोडा असेल तर तेवढाच कापून भरा. निम्म्याहून जास्त गच्ची पोकळ बोलत असेल, तर जुना कोबा पूर्ण काढून नवा करण्याला पर्याय नाही. तिथे ठिगळांवर पैसे घालवू नका.

कोबा भरीव असून फक्त खोलगट असेल तर दोन वाटा आहेत. खोलगट भाग १०-३० मिमीचा असेल तर पृष्ठभाग टाचून खरखरीत करा, धुवा, लेटेक्सची घोट मारा आणि लेटेक्स मिसळलेल्या मालाने पाईपकडे ढाळ काढा. कडेला जाडी शून्यावर आणू नका. ती पापुद्र्यासारखी उडते. कडेला १० मिमी खोल खाच कापा आणि माल त्या खाचेत संपवा. दुसरी वाट जास्त शहाणपणाची असते आणि कोणी सुचवत नाही: पाणी जिथे जातंय तिथेच नवा पाईप द्या. डबकं पॅरापेटलगत असेल तर पॅरापेटमधून आडवा आउटलेट काढून बाहेर ११० चा उभा पाईप. हे काम कोअर कटिंगने (मशीनने गोल भोक पाडून) एका दिवसात होतं, वजन वाढत नाही, गच्ची फुटत नाही. बीम मात्र कापला जाणार नाही हे खालच्या खोलीतून बघून घ्या.

पॅरापेट आणि कोबा यांच्या कोपऱ्यातली गोलाई, गवंडी तिला वाटा म्हणतात, ती ७५ मिमीची तरी हवी. काटकोनात माल भेगाळतोच. लेप वाट्यावरून पॅरापेटवर फूटभर चढवा. पॅरापेटच्या माथ्याचा उतार आत, गच्चीकडे द्या. बाहेर दिलात तर भिंतीवर काळे ओघळ येतात. जिन्याच्या खोलीचा उंबरा गच्चीपासून सहा इंच वर नसेल, तर एखाद्या रात्री पाणी जिन्याने खाली येईल हे धरून चाला.

सोलरचे स्टँड कोब्यात बोल्ट मारून बसवलेले असतात. प्रत्येक बोल्ट म्हणजे पाण्याला दिलेली वाट. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड ठेवा, आणि ठोकळे ढाळाला आडवे एका रांगेत लावू नका. बांध घातल्यासारखं पाणी त्यांच्यामागे अडतं.

उभा पाईप आणि जमीन

उभ्या पाईपची जोडणी बघताना एकच लक्षात ठेवा. सॉकेटचं रुंद तोंड वर हवं आणि वरचा पाईप त्यात उतरलेला हवा. उलटं बसवलं तर प्रत्येक जोडातून पाणी भिंतीवर ठिबकतं. क्लॅम्प दीड मीटरला एक, आणि भिंतीपासून पाईप इंचभर सुटा, म्हणजे मागची भिंत वाळते आणि पिंपळाचं रोप रुजलं तर दिसतं. पिंपळ किंवा उंबर नुसता उपटू नका, मूळ राहिलं तर पुढच्या पावसात दुप्पट येतो. मुळासकट भिंत उकरून काढा आणि जागा मालाने बंद करा.

खाली जाताना पाईप लहान करायचा नाही. वर ११०, आणि तळमजल्यावर दुकानाचा बोर्ड आडवा येतो म्हणून ७५, असं जागोजागी दिसतं. मग पहिल्या जोरदार सरीत मधल्या मजल्याचा जोड सुटतो. बाथरूमचा किंवा बाल्कनीचा पाईप पावसाळी पाईपला जोडू नका. खाली तुंबलं की गच्चीचं पाणी सगळ्यात खालच्या बाल्कनीतल्या जाळीतून उसळून घरात येतं. प्रत्येक बेंडपाशी आणि तळाशी झाकणाचा तुकडा ठेवा, त्यातून तुंबलेलं काढायची स्प्रिंग घालता येते. तुंबलेल्या पाईपात अॅसिड ओतू नका. माती आणि पानं अॅसिडने विरघळत नाहीत, पण जाळी, चेंबरचा माल आणि प्लंबरचे हात खराब होतात.

पाईप जमिनीवर येतो तिथे नाशिकच्या काळ्या मातीचा विचार करा. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. पाईप जोत्याशी मोकळा सोडला तर चार-पाच वर्षांत फरशी उचलते आणि जोत्यालगत चीर दिसते. पाणी जोत्यापासून निदान एक मीटर दूर न्या, चेंबरमध्ये घ्या, तिथून पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका. ती लाईन मैल्याच्या हिशोबाने टाकलेली असते, आणि भर पावसात गल्लीतलं झाकण उचललं जातं ते याच पाण्याने. बोअरला पाणी द्यायचं असेल तर जूनच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी बाहेर सोडून द्या. गच्चीची विष्ठा आणि धूळ त्यात असते.

पत्रे आणि कौलं

पत्र्याचे शेड अंबड-सातपूरच्या कारखान्यांवर जसे, तसे आता निम्म्या गच्च्यांवरही आहेत. पत्र्याचा उतार दहा फुटाला एक फूट तरी हवा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पन्हळीत नाही. वॉशर चेपून चपटा होईपर्यंत पिळू नका, तो उन्हात फाटतो. दोन पत्रे उतारात एकमेकांवर येतात तिथे सहा इंच चढ हवा.

शेडच्या गटरला २०० ला १ एवढा उतार पुरतो, पण आधार दर दोन-अडीच फुटांवर हवा, नाहीतर मध्ये झोळ पडून पाणी आणि डास दोन्ही राहतात. पीव्हीसी गटरचा सहा मीटरचा तुकडा थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दीड-दोन सेंटीमीटर लांबतो. जोडात तेवढी जागा ठेवली नाही तर जोड दरवर्षी उसवतो आणि आपण दरवर्षी सिलिकॉन भरत बसतो. शेडचं पाणी शेजारच्या गच्चीवर सोडलं जातं, ते वेगळंच भांडण.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांवर आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या घरांवर अजून कौलं आहेत. तिथे पाणी गळतं ते बहुधा कौल फुटल्यामुळे नाही, दोन उतार मिळतात त्या कोनातल्या पत्र्यामुळे. तो पत्रा दोन्ही बाजूंनी कौलाखाली सहा इंच तरी गेलेला हवा, आणि कौलांच्या कडांमध्ये चार इंचांची मोकळी पन्हळ राहायला हवी. ती शेवाळ आणि पानांनी भरली की पाणी कडेवरून आत उलटतं. शाकारणी करताना कौलं उतरवली की हा पत्रा बोटाने दाबून बघा. गंजून कागदासारखा झाला असेल तर आत्ताच बदला, पुन्हा कौलं कोण उतरवणार? कौलाखालच्या रिपा (लाकडी पट्ट्या) सडल्या की ओळ खचते आणि कौलाची पकड सुटते. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, बदलीसाठी त्याच साच्याची दोन डझन कौलं घरात ठेवा. वेगळ्या छापाचं कौल खाचेत बसत नाही.

कधी करायचं

फोडाफोडी आणि कोबा मार्चपर्यंत. मेच्या उन्हात माल फार लवकर सुकतो, तेव्हा केलाच तर दिवसातून चार वेळा पाणी द्यावं लागतं. लेप एप्रिल-मेमध्ये, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. तापलेल्या कोब्यावर लेप पसरायच्या आधीच आळतो. नाशिकला मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो, त्यामुळे पाणी भरून बघण्याची चाचणी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. तोंडं कापडाच्या बोळ्याने आणि प्लास्टिकने बंद करा, सगळ्यात उंच जागी इंचभर येईल एवढं पाणी भरा, पॅरापेटवर पेन्सिलने पातळी आखा आणि ४८ तास ठेवा. शेजारी एक उघडं घमेलं पाणी भरून ठेवा. घमेल्यात जेवढं पाणी आटलं त्याहून गच्चीवरचं जास्त उतरलं तर ते खाली गेलंय. पाणी सोडताना बोळे एकामागून एक काढा, एकदम नको. प्रत्येक पाईपखाली माणूस उभा ठेवा, कोणत्या जोडातून ठिबकतं ते त्याच वेळी दिसतं. जुन्या किंवा भेगाळलेल्या स्लॅबवर ही चाचणी इंजिनिअरला विचारूनच करा.

आणि जुलैत गळायला लागलं तर? ओल्या कोब्यावर सिमेंट थापू नका, धरत नाही. आधी वर जाऊन तोंडं मोकळी करा, साचलेलं पाणी बादलीने काढा, निम्मी गळती तिथेच थांबते. उरलेल्या जागेवर ताडपत्री, तिच्या कडा पॅरापेटवरून बाहेर घेऊन वाळूच्या पोत्यांनी दाबलेल्या, आणि पाईपच्या तोंडाकडची बाजू उघडी. खाली छताच्या दिव्यापाशी किंवा पंख्यापाशी पाणी उतरत असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडा, बटण बंद करून भागत नाही. पीओपीचं छत फुग्यासारखं लोंबायला लागलं असेल तर खालचं सामान सरकवा, बादली ठेवा आणि फुगलेल्या भागाच्या कडेला उभं राहून काठीला बांधलेल्या खिळ्याने छोटं भोक पाडा. पाणी एका धारेत उतरतं, आणि अख्खी प्लेट रात्री पलंगावर कोसळत नाही.